विश्लेषण: रॅममधली फट एका ‘एफपीजीए’ बोर्डने कशी शोधली? ‘फिनिक्स’ हल्ल्याचा तुमच्या संगणकाला किती धोका?

संगणकाची सुरक्षा म्हटलं की आपल्याला पासवर्ड, ओटीपी, अँटीव्हायरस आठवतं. पण एका प्रकारचा हल्ला यातल्या कशालाच हात लावत नाही. तो थेट रॅमच्या चिपवर होतो. नव्या डीडीआर५ रॅममध्ये त्याच्यावर पक्का बंदोबस्त झाला आहे, असं मानलं जात होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये हा समज खोटा ठरला. तो खोटा ठरवण्यात मोठा वाटा होता एका सर्किट बोर्डचा. ज्या जातीच्या बोर्डवर इंजिनिअरिंगची मुलं मेमरी वाचायला-लिहायला शिकतात, त्याच जातीचा हा बोर्ड. हे नेमकं प्रकरण काय आहे, समजून घेऊ.

नेमकं काय घडलं?

स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी गूगलच्या साथीनं ‘फिनिक्स’ नावाचा हल्ला जाहीर केला. त्यांनी एसके हायनिक्स या बड्या दक्षिण कोरियन कंपनीच्या चिप असलेल्या डीडीआर५ रॅमच्या १५ स्टिक तपासल्या. त्या २०२१ ते २०२४ या काळात बनलेल्या होत्या. पंधराच्या पंधरा स्टिकमध्ये हा हल्ला यशस्वी झाला.

कारखान्यातून येतात त्याच सेटिंग्ज असलेल्या संगणकावर, साध्या युजरच्या अधिकारात चालणाऱ्या प्रोग्रॅमनं अवघ्या १०९ सेकंदांत संपूर्ण संगणकाचा ताबा मिळवला. डीडीआर५ असलेल्या संगणकावर या पद्धतीनं पूर्ण ताबा मिळवून दाखवण्याची ही पहिलीच वेळ होती. या त्रुटीला सीव्हीई-२०२५-६२०२ असा अधिकृत क्रमांक मिळाला आहे.

रॅममध्ये माहिती राहते कशी?

हल्ला समजण्यासाठी आधी रॅम समजायला हवी. आपण जिला रॅम म्हणतो ती बहुतेक वेळा डीरॅम असते. आयबीएमचे अभियंते रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये तिचं पेटंट मिळालं. मूळ कल्पना आजही तीच आहे: एक ट्रान्झिस्टर आणि एक इवलासा कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०.

अडचण अशी की हा कपॅसिटर गळक्या माठासारखा असतो. भरला तरी हळूहळू रिकामा होतो. म्हणून रॅमला ठरावीक वेळानं सगळे माठ पुन्हा भरावे लागतात. याला रिफ्रेश म्हणतात. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये साधारण दर ६४ मिलिसेकंदांत, तर डीडीआर५ मध्ये ३२ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा तरी ताजी केली जाते.

दुसरी गंमत म्हणजे रॅममधून एकच अक्षर सुटं वाचता येत नाही. सरकारी कचेरीतल्या दप्तरासारखं असतं ते. एक कागद हवा असला तरी अख्खं बाड कपाटातून काढून टेबलावर उघडावं लागतं, काम झालं की बांधून परत ठेवावं लागतं. रॅममध्येही आधी अख्खी ओळ ‘उघडतात’, मग हवा तो भाग वाचतात किंवा लिहितात, मग ओळ ‘बंद’ करतात. ओळ उघडली की तिच्या कपॅसिटरमधला भार बाहेर पडतो, म्हणून तो लगेच परत भरावाही लागतो. हे सगळं एका सेकंदाच्या दोन कोटीव्या भागात, म्हणजे सुमारे ५० नॅनोसेकंदांत उरकतं.

मग ‘रोहॅमर’ काय आहे?

शेजारच्या घरात भिंतीवर सतत खिळे ठोकले, तर आपल्या बाजूच्या भिंतीवरची तसबीर कधी तरी खाली येते. आपल्या घरात कोणी शिरलेलं नसतं, तरी नुकसान होतं.

रॅममध्ये हेच होतं. चिप जसजशा लहान होत गेल्या, तशा ओळी एकमेकींना इतक्या चिकटल्या, की एक ओळ भराभर उघड-बंद केली तर शेजारच्या ओळीतला भार जास्त वेगानं गळू लागतो. रिफ्रेशची वेळ येण्याआधीच तिथल्या एखाद्या १ चा ० होतो किंवा ० चा १. ज्या ओळीला कोणी हात लावला नाही, तिच्यातली माहिती बदलते. ओळीवर हातोडा मारल्यासारखं, म्हणून नाव ‘रोहॅमर’.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि इंटेलच्या संशोधकांनी हे जगासमोर मांडलं. त्यांनी डीडीआर३ रॅमचे १२९ मॉड्यूल तपासले. त्यातल्या ११० मध्ये हा दोष आढळला. काही चिपमध्ये १ लाख ३९ हजार वेळा ओळ उघडणं पुरेसं होतं. हा आकडा मोठा वाटतो, पण ६४ मिलिसेकंदांत एकच ओळ सुमारे १३ लाख वेळा उघडता येते.

२०१५ मध्ये गूगलच्या ‘प्रोजेक्ट झिरो’ पथकानं दाखवून दिलं, की हा फक्त बिघाड नाही, यातून हल्ला करता येतो. कोणत्या प्रोग्रॅमला मेमरीचा कोणता भाग दिसावा, याची नोंदवही रॅममध्येच असते. त्या नोंदवहीतला नेमका एक बिट उलटला, की साध्या प्रोग्रॅमला साऱ्या संगणकाच्या किल्ल्या मिळू शकतात.

कंपन्यांनी उपाय केला नव्हता का?

केला होता. डीडीआर४ पासून चिपच्या आतच एक पहारेकरी बसवला गेला. त्याला टीआरआर म्हणतात. कोणती ओळ संशयास्पदरीत्या वारंवार उघडली जाते आहे, यावर तो नजर ठेवतो आणि तिच्या शेजारच्या ओळी वेळेआधी ताज्या करतो.

कल्पना चांगली होती. पण हा पहारेकरी नेमका कसा काम करतो, किती ओळी लक्षात ठेवतो, कधी डुलकी घेतो, हे कंपन्यांनी गुप्त ठेवलं. ‘समस्या सुटली आहे, विश्वास ठेवा’, असा एकूण सूर होता.

२०२० मध्ये ‘टीआररेसपास’ या संशोधनानं ४२ पैकी १३ डीडीआर४ मॉड्यूलमध्ये पहारा चुकवून दाखवला. २०२१ मध्ये ‘ब्लॅकस्मिथ’नं तर तपासलेल्या ४० च्या ४० डीडीआर४ स्टिकमध्ये बिट उलटवले. तरी डीडीआर५ बद्दल आशा होती. त्यात पहारा अधिक कडक होता, रिफ्रेश दुप्पट वेगानं होतं आणि चुका दुरुस्त करणारी यंत्रणाही चिपच्या आत आली होती.

यात एफपीजीए बोर्ड कुठून आला?

संगणकातला प्रोसेसर कारखान्यातून जसा घडून येतो तसाच राहतो. एफपीजीए मात्र कोरी पाटी असते. तिच्या आत हजारो छोटे लॉजिक ब्लॉक असतात. त्यांची जोडणी कशी करायची, हे वापरणारा ठरवतो. आज त्यावर व्हिडिओची प्रक्रिया करणारं सर्किट उभं करा, उद्या ते पुसून एखादा प्रोसेसर. झायलिंक्स कंपनीनं १९८५ मध्ये अशी पहिली चिप बाजारात आणली. ही कंपनी आता एएमडीच्या मालकीची आहे.

ही चिप, तिच्याशेजारी रॅम, काही बटणं, दिवे आणि यूएसबी पोर्ट एकत्र बसवले की झाला डेव्हलपमेंट बोर्ड. इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये दिसतो तो हाच.

रोहॅमरच्या तपासात हा बोर्ड इतका मोलाचा ठरण्याचं कारण सोपं आहे. साध्या संगणकात प्रोग्रॅम आणि रॅम यांच्यामध्ये बरेच मध्यस्थ असतात. कॅश असते. पत्ते उलटेपालटे करणारा मेमरी कंट्रोलर असतो. रिफ्रेश आपोआप होत असतो. ‘ही ओळ आत्ता उघड’ असा थेट हुकूम प्रोग्रॅमला देता येत नाही.

एफपीजीएवर मेमरी कंट्रोलर स्वतःच उभा करता येतो. ओळ उघड, वाच, लिही, बंद कर, ताजी कर असे पाचही हुकूम हव्या त्या क्रमानं, हव्या त्या क्षणी देता येतात. हवं तर रिफ्रेश पूर्ण थांबवता येतो. २०१४ च्या त्या पहिल्या अभ्यासातही असेच एफपीजीए बोर्ड वापरले होते.

बोर्डवरची मेमरी वाचणं इतकं अवघड का?

‘अमुक पत्त्यावर लिही, मग तिथूनच वाच’ हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एफपीजीए शिकणाऱ्यांचा सर्वाधिक घाम इथेच निघतो.

विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या आर्टी ए७ बोर्डचं उदाहरण घ्या. त्याच्या ३५टी प्रकारातल्या एफपीजीए चिपच्या पोटात फक्त २२५ केबी ब्लॉक रॅम आहे. फुल एचडी पडद्यावरचं एकच चित्र साठवायला सुमारे ६ एमबी लागतात. म्हणून बोर्डवर वेगळी २५६ एमबीची डीडीआर३ चिप दिलेली असते. म्हणजे आतल्या मेमरीच्या हजार पटींहून जास्त जागा. पण ही जागा फुकट मिळत नाही.

पोटातली मेमरी क्लॉकच्या एका ठोक्यात उत्तर देते. बाहेरची मेमरी आधी जागी करावी लागते. वीज मिळाल्यावर तिला ठरलेल्या क्रमानं सूचना द्याव्या लागतात. मग सिग्नल तारांमधून नेमका किती उशिरा पोहोचतो, हे मोजून कंट्रोलर स्वतःची वेळ जुळवून घेतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ते पूर्ण झाल्याचा सिग्नल येण्याआधी लिहायला गेलं, तर काहीच होत नाही. अनेक नवशिक्यांचे पहिले दोन-तीन दिवस यातच जातात.

पुढची अडचण म्हणजे मेमरी घाऊक व्यवहार करते. आर्टी बोर्डवरच्या १६ बिटच्या जोडणीतून एका हुकुमासरशी आठ वेळा माहिती येते, म्हणजे एकदम १६ बाइट. एकच बाइट बदलायचा असेल, तर उरलेले १५ ‘झाकून’ ठेवावे लागतात. ते विसरलं, की शेजारची माहिती पुसली जाते. शिवाय मध्येच रिफ्रेशची वेळ आली, तर कंट्रोलर ‘थांबा’ म्हणतो. तो इशारा न पाहता माहिती पाठवत राहिलं, तर त्यातली काही हरवते.

त्यामुळे बहुतेक जण चिप कंपनीनं दिलेला तयार कंट्रोलर वापरतात. पण त्याच्यामार्फत प्रत्येक हुकूम हव्या त्या क्रमानं, हव्या त्या क्षणी देणं सहज जमत नाही. संशोधकांना नेमकं तेच हवं होतं. त्यासाठी ‘लाइटडीरॅम’सारखे ओपन सोर्स कंट्रोलर कामी आले. त्याचाच आधार घेऊन पोलंडची अँटमायक्रो कंपनी आणि गूगल यांनी रोहॅमर तपासण्याची संपूर्ण यंत्रणा उभी केली आणि तिचे आराखडे सगळ्यांसाठी खुले केले. ती साध्या आर्टी ए७ वरही चालते. डीडीआर४ आणि डीडीआर५ साठी वेगळे, जास्त ताकदीचे बोर्ड आहेत.

गुप्त पहारेकऱ्याचं वेळापत्रक कसं समजलं?

यासाठी वापरली जाणारी युक्ती दाद देण्यासारखी आहे. २०२१ मध्ये ईटीएच झुरिकच्याच संशोधकांनी ती ४५ डीडीआर४ मॉड्यूलवर वापरली होती.

आधी बोर्डवरून एका ओळीत ठरावीक माहिती लिहायची. रिफ्रेश बंद करायचा. किती वेळानं ती ओळ माहिती ‘विसरते’, हे मोजायचं. समजा हा वेळ अमुक इतका निघाला. आता पुन्हा तीच माहिती लिहायची, निम्मा वेळ थांबायचं, शेजारच्या ओळीवर हातोडे मारायचे, पहारेकऱ्याला काम करायची एक संधी द्यायची आणि उरलेला निम्मा वेळ थांबून वाचायचं.

माहिती शाबूत असेल, तर मधल्या काळात पहारेकऱ्यानं ती ओळ ताजी केली. पुसली गेली असेल, तर तो तिकडे फिरकलाच नाही. चिपनं स्वतःहून काहीच सांगितलेलं नसतं. फक्त लिहिणं, थांबणं आणि वाचणं यातून तिच्या आतलं गुपित बाहेर येतं. हा प्रयोग हजारो वेळा केला, की पहाऱ्याचं वेळापत्रक हाती लागतं.

डीडीआर५ च्या बाबतीतही एफपीजीए बोर्डवरच्या अशाच बारकाईच्या तपासणीतून लक्षात आलं, की हा पहारा रिफ्रेशच्या १२८ फेऱ्यांनी स्वतःची पुनरावृत्ती करतो आणि त्यातल्या काही फेऱ्यांत त्याची नजर ढिली असते. ‘फिनिक्स’ हातोडे मारतो ते या मोकळ्या वेळात. त्यासाठी हजारो रिफ्रेशशी ताल जुळवून ठेवावा लागतो. एखादा ठोका चुकला, तर हा हल्ला तो ओळखून स्वतःला पुन्हा तालावर आणतो. फिनिक्स म्हणजे राखेतून पुन्हा उठणारा पक्षी.

सामान्य माणसानं घाबरावं का?

घाबरण्याचं कारण नाही, पण दुर्लक्षही करू नये. हा हल्ला करायला हल्लेखोराचा प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर चालावा लागतो. पैसे लुबाडणाऱ्यांना फसवा मेसेज किंवा बनावट लिंक ही वाट कितीतरी सोपी आहे. त्यामुळे ओटीपी कोणाला न सांगणं, अनोळखी अ‍ॅप न टाकणं, बायोस आणि सिस्टिमचे अपडेट वेळेवर घेणं याचं महत्त्व तसंच राहतं.

खरी चिंता आहे ती क्लाउड सर्व्हरची. तिथे एकाच यंत्रावर अनेक अनोळखी ग्राहकांचं काम शेजारी शेजारी चालतं. संशोधकांनी अशा शेजारच्या व्हर्च्युअल मशीनमधल्या आरएसए-२०४८ किल्ल्यांना लक्ष्य करता येतं का, हेही पाहिलं. तपासलेल्या स्टिकपैकी ७३ टक्क्यांमध्ये ते शक्य असल्याचं आढळलं. बँका, दुकानं, सरकारी सेवा यांचं बरंचसं काम आज अशा भाड्याच्या सर्व्हरवर चालतं. शेजारी कोण आहे, हे तिथे कोणालाच माहीत नसतं.

यावर उपाय काय?

विकून झालेल्या रॅमच्या आतला पहारेकरी बदलता येत नाही. सॉफ्टवेअरसारखा त्याला पॅच पाठवता येत नाही. तूर्त एक उपाय आहे: रिफ्रेश तिप्पट वेगानं करणं. त्यानं ‘फिनिक्स’ तपासलेल्या यंत्रणेवर थांबला. पण त्याची किंमत आहे. रिफ्रेश चालू असताना मेमरी दुसरं काम करत नाही. संशोधकांच्या मोजणीत वेग ८.४ टक्क्यांनी घटला. हजारो सर्व्हर चालवणाऱ्या कंपनीसाठी हे वीज आणि पैसा या दोन्ही बाबतींत महाग आहे.

दूरचा उपाय म्हणजे प्रत्येक ओळ किती वेळा उघडली, याची चिपमध्येच पक्की मोजणी ठेवणं. ‘जेडेक’ या मेमरीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं एप्रिल २०२४ मध्ये डीडीआर५ च्या सुधारित मानकात पीआरएसी नावानं ही सोय घातली. अंदाजानं पहारा देण्याऐवजी रीतसर हजेरीपट, असा हा फरक. पण तो नव्या चिपसाठी आहे.

आणि नवी रॅम घेणं सध्या परवडणारं नाही. एआयच्या लाटेमुळे कारखाने एचबीएम या खास मेमरीकडे वळले आहेत. तेवढीच क्षमता बनवायला एचबीएमला डीडीआर५ च्या सुमारे तिप्पट सिलिकॉन लागतं. साहजिकच नेहमीच्या रॅमचा तुटवडा झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं ग्राहकांसाठीचा ‘क्रुशियल’ ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात रास्पबेरी पायनं १६ जीबीचा बोर्ड १२० वरून १४५ डॉलरवर नेला. रॅम महागली की लोक आणि कंपन्या जुनी यंत्रं जास्त वर्षं वापरतात. म्हणजे फट असलेली रॅमही जास्त वर्षं कामात राहणार.

भारतासाठी याचा अर्थ काय?

जगातली ९० टक्क्यांहून जास्त डीरॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. गुजरातमधल्या साणंद इथला मायक्रॉनचा प्रकल्प चिपची जुळणी आणि तपासणी करण्यासाठी आहे. मेमरीची मूळ रचना आणि वेफर बाहेरूनच येतात. त्यामुळे भारतातल्या लॅपटॉपपासून डेटा सेंटरपर्यंत सगळीकडे जी रॅम बसते, तिच्या आतल्या पहाऱ्याबद्दल आपल्याला कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागतं.

तो शब्द पारखून घेण्याची साधनं मात्र आपल्याकडे आहेत. आयआयटी मद्रासमध्ये तयार झालेला ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर चालवून पाहण्यासाठी आर्टी ए७ हाच बोर्ड वापरला जातो. केंद्र सरकारच्या ‘चिप्स टू स्टार्टअप’ कार्यक्रमात ८५ हजार अभियंते तयार करण्याचं उद्दिष्ट आहे. चर्चा बहुतेक वेळा चिप डिझाइन आणि कारखान्यांची होते. दुसऱ्यानं बनवलेली चिप स्वतंत्रपणे तपासणं हेही तितकंच महत्त्वाचं कौशल्य आहे आणि त्यासाठी अब्जावधी डॉलरचा कारखाना लागत नाही.

गेल्या दहा-अकरा वर्षांत ‘रोहॅमर संपला’ असं वाटण्याची वेळ पुन्हा पुन्हा आली आणि दर वेळी बाहेरच्या कोणी तरी मोजून पाहिल्यावर तो संपला नसल्याचं समजलं. पीआरएसी असलेल्या चिप बाजारात रुळतील तेव्हाही हाच प्रश्न येणार आहे: मोजणी खरंच होते का, की फक्त कागदावर? त्याचं उत्तर कंपनीच्या माहितीपत्रकात मिळणार नाही. कुठल्या तरी लॅबमध्ये कोणी तरी बोर्डवरून एक ओळ लिहील, थोडं थांबेल आणि ती परत वाचून पाहील, तेव्हाच ते कळेल.